कवळी म्हणजे काकडी

आमच्या गोंडपिपरीकडे कवळी म्हणजे काकडी. नाहीतर भेंडी, नाहीतर दोडका. भाजीवाली दारात टोपली उतरवते, एक भेंडी काढून तिचं टोक कट्कन मोडते आणि म्हणते, "पाह्य बाई, कवळी हाय." पुस्तकात ज्याला कोवळं म्हणतात ते आमच्या बोलण्यात कवळं. वासरू कवळं, ऊन कवळं, पोरगी कवळी. या शब्दाचा दातांशी काही संबंध असेल हे माझ्या आईच्या ध्यानीमनी नव्हतं.

म्हणून चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड तपासून "हिला कवळी लागेल" असं सांगितलं, तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. ज्या मुलामुलींना पंचविशीच्या आत हा शब्द ऐकावा लागतो त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. म्हाताऱ्यांनी वाचलं तरी चालेल, पण त्यांना या बाबतीत सोबत भरपूर असते. आपल्याला नसते.

*

माझे दात किडले नव्हते. दिसायला चांगले पांढरे, सरळ होते. फक्त ते हलत होते. हिरड्या हळूहळू दातांना सोडत होत्या आणि आतलं हाड झिजत होतं. डी.एड. करत होते तेव्हा ब्रशला रक्त लागायचं, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. मग नोकरी लागली, जवळच्याच एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीचा वर्ग मिळाला, आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या आधी समोरचा एक दात वरणभाताच्या घासात निघून आला. दुखलंसुद्धा नाही. मी तो खडा समजून ताटाच्या कडेला ठेवला. आईनेच तो उचलून पाहिला.

त्यानंतर माझी जीभ नोकरीला लागल्यासारखी दिवसभर तोंडात फिरू लागली. हा हलतो का, तो हलतो का. सकाळी डोळे उघडायच्या आधी जिभेची हजेरी घेऊन व्हायची. 'त' म्हणताना जीभ दाताला लागते, तेवढ्यानेही वरचा दात सरकायचा. पहिलीला शिकवणारीला दिवसातून किती वेळा 'त' म्हणावा लागतो हे सांगायला नको.

मी बोलताना तोंडावर हात ठेवू लागले. ठरवून नाही. हात आपोआप वर जायचा.

गावात लोक अंदाज बांधतच होते. दात पडतात ते सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्याचे, नाहीतर तंबाखूची गुडाखू घासणाऱ्या बायांचे, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. हापशीवर एकीने मला खालच्या आवाजात विचारलं, "गुडाखू घासते का व? घासत असशीन तं सांग, मी कोनाले सांगत नाई." मी नाही म्हटलं. तिने अशी मान हलवली की तिचा विश्वास बसला नाही हे मला कळावं. मला त्या बाईचा इतका राग आला की पुढे कित्येक दिवस मी पाण्याला दुसऱ्या हापशीवर गेले.

*

त्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तो दिवस मला नीट आठवतो. बाकड्यावर सगळे म्हातारे बसलेले. कंपाउंडरने बाहेर येऊन माझ्या आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजी, या आत."

आईचे दात पन्नाशीतही असे की ती सुपारी अडकित्त्याशिवाय फोडायची. ती म्हणाली, "मी नाई रे बाप्पा. पोरगी हाय."

कंपाउंडरने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर कागदात घातली. पुढेही हे असंच होत राहिलं. नवा माणूस असला की तो आईलाच आत बोलवायचा.

डॉक्टर पुण्याकडचे होते, बोलायला मऊ. त्यांनी माझा एकेक दात चिमट्याने हलवून पाहिला, एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला आणि आईला समजावलं. "आई, हिचं वय कोवळं आहे, पण दातांखालचं हाड राहिलेलं नाही. उरलेलेही एकेक करून जातीलच. आज ना उद्या हिला कवळी लागेल."

आई म्हणाली, "लागन तेवढी देतो, साहेब."

"छान," डॉक्टर म्हणाले. "पावसाळ्यानंतर या. तोवर मनाची तयारी करा."

दोघंही एकमेकांवर खूश झाले. मला तो शब्द माहीत होता. चंद्रपूरला शिकत होते तेव्हा घरमालकिणीच्या सासूबाई झोपताना आपली कवळी वाटीत काढून ठेवायच्या. बसस्टँडवर आईने काकड्या घेतल्या, नखाने एकेक टोचून, आणि म्हणाली, "मी भलतीच भेली होती. कवळं कवळं खाल्लं का हिरड्यांले आराम भेटते, एवढंच तं सांगतलं त्यानं."

मी पिशवी पुढे धरली. तो शब्द आणखी थोडे दिवस काकडीच राहिला तर मलाही हवा होता.

त्या पावसाळ्यात मी जे खाल्लं ते राणीनेही खाल्लं नसेल. कवळी भेंडी, कवळा दोडका, बी न धरलेलं वांगं. जंगलातून बाया बांबूचे कवळे कोंब, म्हणजे वास्ते, विकायला आणायच्या, त्यातले सर्वांत कवळे आई माझ्यासाठी निवडायची आणि लोण्यासारखे शिजवायची. काकडी तर किसूनच. सोबत बाभळीच्या सालीच्या गुळण्या आणि करंजाची काडी. पावसाळा संपेपर्यंत आणखी दात गेले. आई म्हणायची, "कमी पडून राह्यलं काही तरी." आणि दुसऱ्या दिवशी भाजी आणखी कवळी असायची.

*

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा गेलो. आईने परसातल्या वेलाच्या शेवटच्या काकड्या पिशवीत भरून डॉक्टरांसाठी आणल्या होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, "मग, कवळीचं काय ठरलं?"

"देऊन राह्यली ना साहेब. रोज देतो. सारं कवळंच देतो," आई म्हणाली आणि पिशवी टेबलावर ठेवली. "हे तुमच्यासाठी. घरची हाय."

डॉक्टरांनी पिशवीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होते. त्यांना हसू आलं नाही याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्यांनी खण उघडला आणि गुलाबी हिरड्यांची, पांढऱ्या दातांची एक वरची आणि एक खालची पट्टी काढून काकड्यांच्या शेजारी ठेवली.

"आई, याला कवळी म्हणतात."

आईने खालची पट्टी उलटून पाहिली. "हे तं म्हाताऱ्याची बत्तिशी हाय."

"तेच. पुण्यामुंबईकडे कवळी म्हणतात."

"म्हाताऱ्याच्या वस्तूले असं लेकरावानी नाव काऊन ठेवलं साहेब?"

डॉक्टरांनी पट्ट्या उचलून पुन्हा खणात ठेवल्या. त्यांनी मला सरळ सांगितलं, दोन वाटा आहेत. दात पडतील तसे पडू द्यायचे, वर्ष, दीड वर्ष ठणका, सूज सहन करायची. किंवा उरलेले सगळे आत्ता काढायचे, हिरड्या भरू द्यायच्या आणि मग कवळी. "उशीर केलात तर कवळीला टेकायला हाडच उरणार नाही," ते म्हणाले. "पण ठरवायचं तुम्ही."

बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली. गोंडपिपरी जवळ आल्यावर म्हणाली, "मले ठाऊक असतं तं माहेच दात काढून दिले असते व तुले. मले काय कराचे आता?" मग ती रडली आणि मीही रडले. मागच्या सीटवरची बाई पुढे वाकून म्हणाली, "कोन वारलं बाई?"

*

आई रडून मोकळी झाली, पण दात काढू द्यायला तयार झाली नाही. तिचं एकच म्हणणं होतं. "जित्ते दात कोन उपटते? पडतीन तवा पडतीन." आणि यात तिला जोड मिळाली शेवंताकाकूची.

शेवंताकाकू आमच्या मागच्या घरात राहायच्या. अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी त्यांनी जुळवलेल्या. तुळशीचं लग्न झालं की त्यांच्या पायाला भिंगरी लागायची. त्यांनी माझ्यासाठी ब्रह्मपुरीकडचं स्थळ आणलं होतं. मुलगा नोकरीचा, घरी शेती, माणसं चांगली. काकू आईला म्हणाल्या, "लग्न होऊ दे, मंग काढ दात. एकडाव अक्षता पडल्या का कोन मोजून पाह्यते?"

पाहुणे आले. मी चहा दिला, पोहे दिले. नाव सांगताना, शाळेचं सांगताना माझा हात तोंडावरच होता. मुलाच्या आईने मला जवळ बसवून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजकालच्या पोरी कशा तोंड वासून बोलते. ही पाहा. तोंडावरचा हात काढत नाई. मोठ्या घरची लाज हाय."

मी पसंत पडले. माझ्या हातामुळे पसंत पडले. पाहुणे गेल्यावर शेवंताकाकूंनी आईच्या हातावर टाळी दिली, आणि आईही किती दिवसांनी हसली. मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? त्या संध्याकाळी मी आरशासमोर हात ठेवून हसून पाहिलं आणि विचार केला, ठेवू हा हात जन्मभर, काय बिघडतं? कितीतरी बाया पदर तोंडावर धरून जन्म काढतात.

*

बिघडतं काय ते शाळेत कळलं.

डिसेंबरच्या थंडीत केंद्रप्रमुख तपासणीला आले. नवीनच होते. वर्ग उन्हात बाहेर बसवलेला. त्यांनी मुलांना वाचायला सांगितलं. एकेक मूल उभं राहिलं, डाव्या हातात पुस्तक धरलं, आणि वाचण्याआधी प्रत्येकाने उजव्या हाताचा पंजा तोंडावर ठेवला. पहिला, दुसरा, मग पूर्ण रांग. पंजाआडून घुमल्यासारखं 'कमल नमन कर' ऐकू येत होतं.

केंद्रप्रमुख म्हणाले, "तोंडावर हात कशाला रे?"

पहिल्या ओळीतली रंजना चटकन म्हणाली, "असंच वाचा लागते सर. बाई असंच वाचते."

ते हसले, "चांगली शिस्त आहे," म्हणाले आणि पुढच्या वर्गावर गेले. मी मुलांकडे वळले. पहिलीतली मुलं ती. निम्म्यांचे समोरचे दुधाचे दात पडलेले. रंजनाच्या तोंडात तर वर नुसतं खिंडार होतं. कुणाला त्याची काही पडलेली नव्हती. पडलेला दात कौलावर फेकून उंदराला "नवा दे" म्हणून ओरडायचं आणि पळायचं, एवढंच त्यांना ठाऊक. लपवायला त्यांना मी शिकवलं होतं. अक्षरांच्या आधी शिकवलं होतं.

मी म्हटलं, "हात खाली." कुणीच हात खाली घेतला नाही, कारण तेव्हाही माझा हात तोंडावर होता.

*

माझे बाबा आलापल्लीला लाकडाच्या डेपोत कामाला होते, सुट्टीला घरी यायचे. बोलणारा माणूस नव्हे. दातांच्या भांडणात ते आतापर्यंत पडले नव्हते, आईने विषय काढला की उठून बैलांना पाणी दाखवायला जायचे, आणि आमच्याकडे बैल तर एकच होता. त्या रविवारी मी त्यांना विचारलं, "बाबा, काढू का सारे?"

गोठ्याकडे जायला उठलेले ते पुन्हा बसले. मग म्हणाले, "पडणारच असन झाड, तं पाडावं. पाडलं तं कुठी पडन हे आपल्या हातात राह्यते. आपोआप पडलं का कोनाच्या घरावर पडन, काय सांगता येते?"

आई आतून ओरडली, "आन् लग्न?"

बाबा म्हणाले, "त्याईलेच सांगू ना. समदं सांगून. घेतलं तं घेतलं."

मी शेवंताकाकूंकडे गेले आणि हात खाली ठेवून त्यांना सांगितलं, की ब्रह्मपुरीकरांना माझ्या दातांचं सांगा, आणि मी ते लग्नाआधी काढणार हेही सांगा. काकू माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. इतके गेलेत हे त्यांनाही माहीत नव्हतं. "वेडी झाली काय व? आयतं जमलेलं मोडून राह्यली," त्या म्हणाल्या. पण निरोप त्यांनी पोचवला. तिकडून उत्तर आलं नाही. नाही असंही कुणी कळवलं नाही. आईने माझ्याशी बोलणं टाकलं, आणि जेवण मात्र रोज आणखी मऊ शिजवून वाढलं.

पुढे माझं लग्न झालं, माझ्याच खात्यातल्या माणसाशी, कवळी बसल्यावर. ते मोठं काही नाही. मी पहिल्याच भेटीत सांगितलं आणि त्याने विचारलं, सुपारी चालते का? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मलाही चालत नाही.

*

दात थोडे थोडे करून काढले. दर खेपेला आई सोबत आली, न बोलता आली. इंजेक्शनच्या वेळी माझा पाय धरून बसायची. परतीच्या बसमध्ये तोंडात कापसाचे बोळे असायचे, कंडक्टरला गावाचं नाव सांगता यायचं नाही. दुसऱ्या खेपेपासून त्याने विचारणंच सोडलं, तिकीट फाडायचा आणि पुढच्या सीटवरच्या कुणाला तरी उठवून मला बसवायचा. त्या दिवसांत अशा लहान गोष्टींचं फार वाटायचं.

शेवटचा दात निघाला त्या दिवशी भीती वाटेल असं मला वाटलं होतं. वाटली ती सुटका. माझी जीभ कितीतरी महिन्यांनी गप्प बसली. मोजायला काही उरलंच नव्हतं.

मग हिरड्या भरेपर्यंतचे महिने. हेच सर्वांत अवघड, आणि याबद्दल कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. गाल आत जातात. आरशात आपली आजी दिसते. त्या दिवसांत रजा घ्यावी असं सगळ्यांचं मत होतं. मी घेतली नाही. बोळक्या तोंडाने, हात खाली ठेवून वर्गात गेले. मुलांनी पाट्या खाली ठेवल्या. मग रंजना आनंदाने ओरडली, "बाई आमच्यावानी झाल्या!" आणि पूर्ण वर्गाने आपापलं पडकं तोंड उघडून मला दाखवलं. मी 'त थ द ध' शिकवायला गेले की नुसती हवा निघायची. मग रंजना फळ्याजवळ उभी राहून म्हणायची आणि वर्ग तिच्यामागे. मी हसायचे, ती हसायची. तोंडावरचे पंजे कधी उतरले ते मला आठवत नाही.

*

कवळी बसली ती उन्हाळ्यात. पहिले काही दिवस तोंडात कुणाची तरी वस्तू ठेवल्यासारखं वाटतं, उमासे येतात, लाळ सुटते. घाबरू नका. रोज मोठ्याने काहीतरी वाचा, जुना पेपरही चालेल. माझ्या 'स'ला शिटी लागायची, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीचे शेवटचे दिवस माझा वर्गही 'शिटी'चा 'स' म्हणू लागला. या वेळी मी त्यांना थांबवलं नाही. चार दिवसांत माझी शिटी गेली, त्यांचीही गेली.

आई अजून मोकळी बोलत नव्हती. रोज संध्याकाळी वाटी घासून, पाणी घालून माझ्या उशाशी ठेवायची, वर एक ताटली झाकायची. तेवढंच.

एका दुपारी शेवंताकाकू आल्या. आई ओसरीवर नदीच्या रेतीतल्या काकड्या घेऊन बसली होती. काकूंनी माझं तोंड निरखलं, दोन्ही बाजूंनी निरखलं, आणि आईकडे वळून म्हणाल्या, "बत्तिशी बसवलीच म्हणा शेवटी. एवढ्याशा पोरीले. म्हातारी करून टाकली तुम्ही तिले."

माझा हात वर जाऊ लागला. आईने तो पाहिला. तिने माझं मनगट धरून हात खाली आणला आणि काकूंना म्हणाली,

"बत्तिशी म्हातारीची असते, बाई. माह्या पोरीची कवळी हाय."

मग तिने किसणी बाजूला सारली, विळी ओढली आणि माझ्यासाठी काकडीच्या जाड जाड फोडी चिरल्या.